दिवलीबाईच्या लुगड्याचा तुकडा

खांडबारा,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८४४

चि. सौ. तापीस मीनाअक्काचे आशीर्वाद. वि. वि. नाना ठीक आहेत, शाळेत शिकवायला जातात. मी ठीक नाही, म्हणून हे पत्र.

बाळासाठी पाठवलेली गोधडी आज सकाळी तुमचा गाडीवान भिला परत देऊन गेला. शेठजींनी परत करायला सांगितली, एवढाच निरोप. ओसरीत उलगडली तर मधोमध हात जाईल एवढं चौकोनी भोक. उंदरानं कुरतडलेलं नव्हे, कात्रीनं नीट कापलेलं.

आईची जी लुगडी ट्रंकेत उरली होती ती सगळी मी त्या गोधडीत घातली. माझा लग्नातला शालू मला आता नेसायचा नाही, तोही फाडला आणि त्याचा काठ चारी बाजूंनी लावला. मध्ये दिवलीबाईच्या तांबड्या लुगड्याचा तुकडा होता. तिनं तो स्वतः नदीवर धुऊन, वाळवून आणून दिला होता. धावदोऱ्याच्या सगळ्या ओळी त्या तुकड्यापासून निघून फेर घेत काठापर्यंत गेल्या आहेत. तोच गेल्यावर बाकीचं उसवायला लागलं आहे.

तुला जन्म देऊन आई आठवड्यात गेली. संवत छप्पनचा तो छप्पन्याचा दुष्काळ होता. नाना तुला घेऊन दारोदार फिरले, पण आपल्यातल्या एकीनंही तुला पदराखाली घेतलं नाही. दिवलीबाईच्या घरात खायला कण नव्हता, तिचा रेवजी अंगावर पीत होता, तरी तिनं एका बाजूला त्याला आणि दुसऱ्या बाजूला तुला घेतलं. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण त्या घरात कात्री चालली तेव्हा तू काय करत होतीस हे मला कळायला हवं.

भिला बाजार उरकून परत निघतो आहे. तुझ्याच हातात दे असं बजावून पत्र त्याच्याकडे देते. बाळाला माझा पापा. तुझ्यावरची माया कुठे जात नाही, पण आज ती कागदावर उतरत नाही.

तुझी मीनाअक्का

*

रनाळे,
मार्गशीर्ष वद्य ११

ती. गं. भा. अक्कास तापीचा सा. न. वि. वि. बाळ आणि मी खुशाल.

काय करत होतीस म्हणून विचारतेस. बाळंतिणीच्या खोलीत पडून होते. तू गोधडीबरोबर जे पत्र पाठवलंस ते मामंजींनी ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. या घरात येणारं प्रत्येक पत्र तेच वाचतात, हे तुला लग्नापासून माहीत आहे. तरी तू त्यात लिहिलंस की मधला तुकडा दिवलीबाईच्या लुगड्याचा आहे. मला एकटीला नंतर सांगता आलं नसतं? सासूबाईंनी तिथेच कात्री मागवली. भिलिणीचं फडकं माझ्या नातवाच्या अंगावर नको, असं म्हणाल्या आणि तुकडा न्हाणीच्या चुलीत टाकला. मला धुराचा वास आला, तेव्हा कळलं.

तू नानांच्या घरात बसून रागावू शकतेस. मला इथे राहायचं आहे. मी कुणाच्या दुधावर वाढले हे इथे कुणालाच माहीत नाही, कारण लग्न जमवताना नानांनी ते सांगितलं नाही. आता मी तोंड उघडलं तर उद्या बाळाला ठेवून घेऊन मला तुझ्या दारात आणून सोडतील. तेव्हा तुझ्या गोधड्या मला पुरणार आहेत का?

थंडी फार आहे. नानांना जप. रागावलेय, तरी तुझीच,

तापी

*

खांडबारा,
पौष शुद्ध ४

चि. सौ. तापीस आशीर्वाद. वि. वि. हेही पत्र भिलाच देईल.

मी मुद्दाम लिहिलं, हे तू बरोबर ओळखलंस. तुमच्या ओसरीवर ते नाव मोठ्यानं वाचलं जावं, अशीच माझी इच्छा होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

दिवलीबाईपासून लपवणं मला जमलं नाही. तिच्या पाड्यावर गेले, सांगितलं. ती गवताची पेंढी बांधत होती. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "मन्हं दूध चालनं, मन्हं फडकं चालत नही का?" तेव्हापासून तिनं आपल्या घरी पाऊल टाकलेलं नाही.

नाना म्हणाले, विषय वाढवू नकोस, तापीचा संसार आहे. मी त्यांना विचारलं, ही गोष्ट लपवलीत ती तापीसाठी की स्वतःच्या अब्रूसाठी? दोन वेळा ते जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

लिहावंसं वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी मी समजून घेईन, असं मात्र लिहीत नाही.

मीनाअक्का

*

रनाळे,
माघ शुद्ध ३

ती. गं. भा. अक्कास सा. न. वि. वि.

संक्रांतीला घरी पाहुणे होते. सव्वा महिना उलटला म्हणून सासूबाईंनी मला स्वयंपाकाला लागायला सांगितलं. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि म्हणाले, "ज्या बाईचं फडकं तुम्ही चुलीत घातलंत, तिच्याच दुधावर मी वाढले. या हातचं जेवण तुम्हाला कसं चालेल?"

अक्का, इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

मामंजींनी नानांना लबाड म्हटलं आणि गाडी जुंपायला सांगितली. तेव्हा हे उठले, माझ्यासमोर आले आणि माझ्या हातून पाणी मागू लागले. मी दिलं नाही. कात्री चालली त्या दिवशी ही तहान कुठे होती, असं विचारलं. ते सगळ्यांसमोर ओंजळ पुढे करून उभे राहिले. बऱ्याच वेळानं मी पाणी घातलं.

आता दुकानामागच्या खोलीत आमची चूल वेगळी आहे. सासूबाई आमच्याकडचं काही खात नाहीत, पण बाळाला दिवसभर घेऊन बसतात. तो कुणाचं दूध पितो, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मीही सांगत नाही. एखाद्या भांडणासाठी ठेवलं आहे.

पौर्णिमेला हे मला नि बाळाला घेऊन गाडीनं येतील. दिवलीबाईला सांग. ओढ वाढली आहे, कळावे.

तुझी तापी

*

खांडबारा,
माघ शुद्ध १०

चि. सौ. तापीस खूप खूप आशीर्वाद. वि. वि. हे पत्र टपालात टाकते आहे. मामंजींनी मोठ्यानं वाचलं तरी हरकत नाही. शेठजी, नमस्कार.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. ते पागोटं घालून दिवलीबाईच्या पाड्यावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गोधडीचं भोक मी बुजवलेलं नाही. दिवलीबाईकडे दुसरा तुकडा मागायला मला तोंड नव्हतं, आणि तिथे भलत्या कुणाचं कापड लावणार नव्हते. कडा दुमडून घट्ट शिवल्या, म्हणजे आणखी उसवणार नाही.

मग मीही पाड्यावर गेले. तू येतेस हे दिवलीबाईला सांगितलं. तू केलंस तेही सांगितलं. राग गेला असेल असं मला वाटलं होतं. तो गेलेला नाही, आणि का जावा? ती म्हणाली, "येऊ दे तिले. मी उठनार नही. पोऱ्याले देखसू."

ती उठणार नाही. म्हणून तूच तिच्या पुढ्यात खाली बस. ती काही अंथरणार नाही, तूही मागू नकोस. बाळाला तिच्या मांडीवर ठेव आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा.

स्टेशनवर मी येते. तुमच्या वाटेकडे डोळे लावून,

तुझी मीनाअक्का