सतरावी तक्रार

धामनोद, बुधवार

प्रिय ऋजुता,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. माझे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

मी मामाच्या दुकानात ट्रकचे ब्रेक-लायनर विकतो. समोरच तो ढाबा. सेकंड इयरला तिथेच शेव-टमाटर खाताना मी म्हणालो होतो, ब्रेक फेल झालेला ट्रक घाट उतरतोय असा गेम पाहिजे यार! तू वहीच्या मागच्या पानावर वळणं काढलीस. आठवतं? की आता ती कल्पनाही आपल्या वर्गातल्या त्या धीरजची?

मग ती तोंडी परीक्षा. सर म्हणाले, प्रोजेक्ट चोरलाय. मी फाईल त्यांच्या टेबलावर आपटली आणि कॉलेजच सोडलं. तू जिन्यातून हाका मारत होतीस, मी वळून पाहिलं नाही. तुम्ही सगळे पास झालात, देवासला खोली घेऊन माझा घाटाचा गेम बनवायला बसलात. संगीत कोण देणार, तर धीरजने गिटार काढली, तू माईक धरलास, आणि कोडिंगवाल्यांचा हेवी मेटल बँड झाला. तू तो पोटातून गुरगुरणारा आवाज काढतेस, तेव्हा काकू अजून "पोरीचा घसा बसला गं बाई" म्हणून हळद-दूध आणतात का?

तुमचा व्हिडिओ पाहिला. गाताना तू चष्मा काढतेस हे मला माहीत आहे. लॅबमध्ये डोकं दुखलं की तो माझ्याच हातात द्यायचीस. व्हिडिओत तो धीरजच्या शर्टाला अडकवलेला होता. मी स्क्रीन मोठी करून करून पाहिली. मग मोबाईल फेकला. काच अजून तडकलेली आहे.

गेम बाजारात आणण्याआधी तुम्ही लोकांना खेळायला दिलात, चुका कळवा म्हणालात. चुका काढण्यात माझ्याइतका आनंद कुणाला झाला असता? मी चिंटू नावाने घेतला. हो, तुमचा चिंटू मीच. ट्रक खडकातून आरपार जातो, पुलावर चाकं हवेत राहतात, अशा सोळा तक्रारी पाठवल्या, सोळाही खऱ्या. तू लिहिलंस, "चिंटूजी, तुमच्यासारखी नजर आमच्या टीममध्ये हवी होती." दहादा वाचलं. मग चिंटूचाच राग आला मला. त्याला 'जी' म्हणतेस!

सतरावी तक्रार शेवटच्या वळणावरच्या गाण्याची. ते धीरजने बांधलेलं, शेवटी तुम्ही दोघं एकत्र गाता. मी लिहिलं, गाणं सुरू झालं की गेम अडकतो. परवा तुझं उत्तर आलं. धीरज तीन आठवडे चूक शोधतोय, सापडत नाही, म्हणून गाणं गेममधून काढलं. रविवारी देवासच्या टेकडीखालच्या तुमच्या कार्यक्रमातही तो ते वाजवणार नाही, स्वतःच्या कामावरचा भरवसाच उडालाय म्हणतो.

वाचून मी खूष झालो, खोटं कशाला सांगू? मामाने "पेढे आणलेस का?" विचारलं, इतका खूष. पण काल एक ड्रायव्हर लायनर घ्यायला आला, हातात तुमचाच गेम. म्हणाला, "भिया, आख़िरी मोड़ पे वो लड़की गाती थी, अब सन्नाटा है. किस गधे ने हटवाया?"

ऋजुता, गेम कधीच अडकला नव्हता. एकदाही नाही. त्या वळणावर मी मुद्दाम ट्रक दरीत घालायचो, म्हणजे वळण परत येईल आणि तू परत गाशील. चाळीस वेळा तरी मेलो असेन. धीरजला सांग, त्याच्या कामात खोट नाही, खोट धामनोदला बसली आहे. गाणं परत घाला, रविवारी वाजवा. मी येणार नाही; आलो तर भांडेन, माहीत आहे तुला. चष्मा मात्र कुणाच्या शर्टाला लावू नकोस गं, पडेल. डबीत ठेव.

तुझाच, दरीत पडलेला,
मयुरेश