मंठाळच्या हमीवर मोंबासाला

गौरीच्या अप्पांना,

शरणार्थ.

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची? पण उद्या मी गुलबर्ग्याला मुंबईच्या गाडीत बसायलेय. तिथून बोटीनं मोंबासाला, आपल्या गौरीकडं, कायमची राहायला. जायच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घातल्याबिगर माझा पाय निघंना. मी मंठाळला जाऊन आले. तुमच्या भावाच्या दारात.

रागावलात? रागवा. पण आधी ऐकून तर घ्या!

तुम्ही मला सोडून लिंगैक्य झालात त्याच साली गौरीचं पहिलं बाळ त्या परमुलखात गेलं. पोर तिकडं एकटी रडली, मी इकडं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. तिनं लिहिलं, ‘आई, या खेपेला तू जवळ पाहिजेस. आणि आलीस की परत जाऊ नकोस. मैलुरात तुझं कोण हाय आता?’ कोण हाय म्हणजे? तुम्ही आहात ना, ओढ्यापलीकडच्या रुद्रभूमीत, मातीखाली! पण हे त्या पोरीला कसं लिहू?

जावईबापूंनी तिकडं माझ्यासाठी अर्ज केला. तिथल्या सरकारचं म्हणणं आलं, शिंप्याच्या दुकानातला त्यांचा पगार नवरा-बायकोपुरता आहे. कायम राहायला येणाऱ्या म्हातारीला स्वतःचं काही उत्पन्न पाहिजे. त्याच्या चौकशीसाठी मला गुलबर्ग्याच्या कचेरीत बोलावलं. तुमच्याशिवाय मी कधी कचेरीची पायरी चढले होते का?

कारकून माणूस बरा होता. म्हणाला, “अम्मा, कमाई काय?”

“शिवणकाम. चोळ्या, झबली.”

“किती पडतंय? निजामाचे हाली रुपये का इंग्रजी कलदार?”

मी सांगितलं. त्यानं टाक खाली ठेवला. “पोटापुरतं हाय. पण तुम्ही जहाजात बसल्यावर हे गिऱ्हाईक तुमच्या मागं येणार का? तुम्ही गेल्यावर हितून काय येत राहील ते सांगा. घर हाय? जमीन?”

घर भाड्याचं. जमीन? तुमचा अर्धा वाटा मंठाळला भावजींकडं होता, आणि त्याचं नाव काढायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद. रझाकारांच्या दिवसांत सासूबाई गेल्या आणि बसप्पा भावजींनी तुमची वाट न बघता त्यांना माती दिली, तेव्हापासून तुम्ही तिकडं पाऊल टाकलं नाही. ‘माझ्या आईचं तोंड त्यानं मला दिसू दिलं न्हाई,’ एवढंच म्हणायचात.

गौरीचे दिवस पुढं सरकत होते. मी कल्याणीपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं गेले. दारातूनच हाकललं तर?

भावजी खळ्यावर तूर बडवत होते. मला बघून काठी तशीच हातात राहिली. ‘या’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “अण्णा गेला तवा सांगावा कामून धाडला न्हाई, वैनी?”

मी म्हटलं, “त्यांनीच नको म्हटलं होतं.”

ते तिथंच भुसकटात बसले. म्हणाले, “आईला दिवसभर धरून बसलो व्हतो मी. रझाकारांपायी रस्ते बंद. कुणाला धाडू? कोण जाणार तिकडं बिदरला, तुमच्या मैलुरात?”

एवढं एक तुम्ही त्यांना विचारलं असतं तर? इतकी वर्षं! मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता.

मग मी कचेरीचं सांगितलं. त्यांनी पटका बांधला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गुलबर्ग्याला आले. कारकुनानं त्यांनाही सोडलं नाही. “वाटा भावाचा, कब्जा तुमचा. उद्या तुमचं मन फिरलं तर?”

“मन त्याचं फिरलं व्हतं, माझं न्हाई,” भावजी म्हणाले. “निम्मं पीक वैनीचं. मी हाय तवर मी धाडीन, मागनं माझी पोरं. घ्या लिहून.” आणि अंगठा पुढं केला.

त्यानंतर नुसती वाट बघणं. पोस्टमन गल्लीत आला की मी शिवण टाकून दारात यायचे. त्यानं नुसती मान हलवली की पुन्हा टाके घालायला बसायचे. गौरीला सातवा लागला तेव्हा कुठं परवाना आला. तोही मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा चौकशी, पुन्हा उत्पन्न दाखवा. आणि मी वेळेवर पोचेन का हो? बोट उशिरा लागली तर? एखाद्या साली तूर बुडाली तर? परत पाठवलं तर?

काल भावजी मला गुलबर्ग्याच्या गाडीवर पोचवायला आले, तेव्हा मी त्यांना तुमच्याकडं, रुद्रभूमीत आणलं. पायतण काढून ते नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, “तुमी निर्धास्त जावा. दर अमावस्येला मी येत जाईन हितं. बोलणार न्हाई त्यो. न्हाई तर न्हाई! जित्ता असताना तरी कुठं बोलायला व्हता?” हसले, आणि लगेच पटक्याच्या शेवानं तोंड झाकून घेतलं.

ऐकलंत ना?

आता एक वचन देते. गौरीची सुटका झाली की पहिली खबर मंठाळला जाईल. आणि परवाना वाढला नाही, मला परत यावं लागलं, तर मी मैलुरात खोली शोधणार नाही. भावजींच्या घरी उतरेन, त्यांच्या चुलीवर भाकरी थापीन, तुमच्या वाट्याची तूर तिथंच निवडीन. हे तुम्हाला विचारायलेय असं समजू नका. सांगायलेय.

तुमची,
शांता