वर्गणीदारांसाठी अम्मी

१२ जानेवारी, सोमवार
बंद! रोजच्यासारखी कामावर निघण्याआधी मोबाइलवर ती पाण्याची बातमी उघडली, तर अम्मीच्या तोंडावरच पांढरी पट्टी— ‘पुढे पाहण्यासाठी नोंदणी करा.’

बऱ्याच दिवसांनी गल्लीत पाणी आलं, तेव्हा पत्रकाराने नळापाशी अम्मीला बोलतं केलं होतं. तेवढाच व्हिडिओ. बाकी कुठेच तिचा आवाज नाही. चाचांच्या लग्नाच्या सीडीत ती दिसते, पण वर गाणी लावलीत.

१३ जानेवारी
नोंदणी करताना शिक्षण विचारतात. नववी हा पर्यायच नाही! ‘इतर’ निवडलं. मग आवडीचे विषय— निदान तीन. क्रीडा, शेती, अर्थकारण टाकलं. सगळं खोटं. ओटीपी द्यायच्या आधी साइटचं नाव दोनदा तपासलं.

नोंदणी झाली. लगेच नवीन पाटी— ‘जुन्या बातम्या फक्त वर्गणीदारांसाठी.’

१४ जानेवारी
कारखान्यात सिद्धरामला हळूच विचारलं, असल्या साइटला भरलेले पैसे बुडत तर नाहीत? तो टॉवेलांच्या घड्या सोडून ओरडला, “अरे ऐका की! तौहीद बातम्या इकत घ्यायलाय! कलेक्टर व्हायचंय व्हय रं?” सगळे हसले. मीही हसलो. वर्गणी कशासाठी ते सांगितलं नाही.

१५ जानेवारी
घरी आरजूला सांगितलं. माझी सख्खी बहीण, आणि म्हणते, “भाई, लई झालं तुझं. पाण्याची बातमी हाय ती. शिळी!” मी व्हिडिओ लावला की ही आधीपासूनच उठून आत जायची. अम्मी गेल्यावर अजून दुसरा रमजानही आला नाही— आणि हिला आठवणसुद्धा नको!

१६ जानेवारी
अम्मीचे शब्द आठवतात. पण मनात ते माझ्याच आवाजात येतात. भीती वाटते.

१७ जानेवारी
वर्गणी भरली. नुसतं चक्र फिरत राहिलं. गेले पैसे! सिद्धरामचं हसू डोळ्यांपुढे आलं.

आणि मग अम्मी. पदर सावरून कॅमेऱ्याकडे बघते— “पानी कधी येनार, कुनी सांगतंय का आमाला?” आरजूला त्रास नको म्हणून कानात इअरफोन घालून ऐकलं. पहिल्या वाक्याला जरा खाकरते. तेही विसरलो होतो मी!

१८ जानेवारी, रविवार
सकाळी इअरफोन लावायचा राहिला. अम्मी पत्रकाराशी बोलता बोलता मागे वळून ओरडली, “आरजू, घागर लाव की गं!”

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं— “लावते, अम्मी!”