शेवटची खुंटी

मोहोपाडा
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. हर्षला,

तुला माझी मनापासून दुआ. कडावला थंडी आता चांगलीच पडत असेल, भात झोडून झालं असेल, वाल फुलावर आला असेल. आईचा खोकला कसा आहे? बाबांना माझा सलाम सांग. तुमची ती काळी म्हैस व्याली का? (हा प्रश्न लिहिला आणि पेन जरा थांबलं. का, ते पुढं कळेल तुला.)

इकडे सगळं ठीक. आमच्या ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, पण ऐकतील तर शपथ, रोज पाताळगंगेपर्यंत चालून येतात आणि मग मला शेकायला बसवतात. मागच्या रविवारी नेहमीसारख्या आपल्या ग्रुपमधल्या सगळ्या केमिस्ट बायका जमल्या होत्या माझ्याकडे. खोपोलीहून फराह आली होती. खालापूरच्या एका मुलीला तिनं ती काम करते त्या कारखान्यात चिकटवलं, त्याचे पेढे होते. मी सांदणं केली होती. तुझी जागा रिकामी होती आणि तिकडे कुणी बघत नव्हतं. तू ग्रुपमधून बाहेर पडलीस, फोन उचलत नाहीस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तुझ्या जागी असते तर फोन नदीत टाकला असता.

बुधीकडून कळलं की तू कळंबच्या कुठल्याशा रिसॉर्टवर रिसेप्शनला बसतेस. आपली लॅब झाडणाऱ्या बुधीला मी आजवर एवढं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, पोरगी साडी नेसून पाव्हन्यांना चाव्या देते, मॅडम. काम वाईट आहे असं नाही गं. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पहिली आलेली मुलगी तू, तुझ्या कॉलेजात भाषण ठोकून तुला मीच उचलून आणलं. तुमच्या ओटीवर बसून तुझ्या बाबांना शब्दही मीच दिला, की हिला माझ्याकडे सोपवा, मी हिला केमिस्ट करून दाखवते. हे पत्र बुधीच्याच हाती पाठवतेय. फोनवर हे बोलता येणार नाही आणि मेसेजमध्ये लिहिण्यासारखं तर नाहीच.

बघ, तीन परिच्छेद झाले आणि मी अजून सांदणांतच अडकलेय. सांगते.

त्या शुक्रवारी तू ॲप्रन परत द्यायला आलीस. विपुल सरांनी तुला कायम न करण्याचं कारण सांगितलंच होतं. सहा महिन्यांत एकाही सॉल्व्हंटच्या टेस्टवर तुझी सही नाही. नुसतं पीएच, मॉइश्चर आणि मेल्टिंग पॉइंट करणारी केमिस्ट ठेवून काय करायचं, असं ते म्हणाले आणि मी गप्प बसले. मला वाटत होतं की त्यामागचं खरं कारण मला माहीत आहे, आणि ते तुझ्या भल्यासाठीच बोलायचं नाही. पण तू चाललीस म्हटल्यावर मला राहवलं नाही. जाताजाता तू आपणहून काही बोलशील, मन मोकळं करशील, म्हणून मी आडून विचारलं, "हर्षला, पहिल्या दिवसापासून तुझा ॲप्रन त्या शेवटच्या खुंटीवरच का गं?"

तू म्हणालीस, "तेवढी एकच रिकामी होती, मॅडम."

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी "बरं" म्हणाले आणि तुझ्या कागदावर सही केली. तू गेलीस. मी स्टुलावर बसून राहिले आणि समोरच्या खुंटीकडे बघत राहिले. वाफा ओढणारा फ्यूम हूड चालू होता, तो बंद करायचंही सुचलं नाही.

ती खुंटी रिकामी का असते, ते तुला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आम्ही एकमेकींनाही ते कधी सांगितलेलं नाही.

माझा अब्रार पोटात होता, तिसरा महिना. तेव्हा लॅबमध्ये आम्ही दोघीच बायका. आधीच्या एकीनं दिवस राहिल्याचं साहेबांना सांगितलं, तर त्यांनी तिला आराम कर म्हणून घरी पाठवलं आणि तिच्या जागी पुरुष घेतला. म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. पण टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटचा वास असलेल्या ॲप्रनांजवळ उभी राहिले तरी मळमळायचं. म्हणून मी माझा ॲप्रन लांब, कोपऱ्यातल्या शेवटच्या खुंटीवर नेऊन टांगला. दुसऱ्या दिवशी आले तर माझ्या टेबलावरचं सगळं एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे बाळाला अपाय करणारं सगळं सॉल्व्हंटचं काम, माझ्या जोडीदारणीनं स्वतःकडे ओढून घेतलं होतं. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पुढं तिला दिवस राहिले तेव्हा तिचा ॲप्रन त्या खुंटीवर दिसला आणि मी तिचं काम उचललं. मग ती रीतच पडली. कामं सही होण्याआधी बदलून घ्यायची, त्यामुळे खोटं कुठंच काही नाही. न विचारता, न सांगता. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. न बोलता ओळखणं म्हणजेच माया, असं मी धरून चालले होते.

तर आता लिहितेच. तू आलीस, पहिल्याच दिवशी तुझा ॲप्रन तिथे टांगलास, आणि आम्ही सगळ्या जणी धरून चाललो की तू गरोदर आहेस.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर मला समजेल. पण फाडण्याआधी पुढचं वाच. आम्हालाही धक्का बसला होता. लग्न न झालेली मुलगी, तुझ्या बाबांसारख्या सरळ माणसाची. दोघी-तिघींनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी मान हलवली, म्हणजे विचारायचं नाही. मग आम्हाला जिथं तिथं पुरावेच दिसायला लागले. तू सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलीस की तोंड धुवायला पळायचीस. तुला बस लागते, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. डब्यात चिंच असायची. पुढं पोट दिसेना, तेव्हा आम्ही मनाशी ठरवलं की हिच्यावर काहीतरी वाईट गुदरून गेलंय, गर्भ राहिला नाही. मग तर आम्ही तुला जास्तच जपायला लागलो. शिकल्यासवरल्या बायका आम्ही, रोज पुराव्याशिवाय एक बॅच पास करत नाही, आणि तुझ्या बाबतीत एकीनंही तपासून पाहिलं नाही.

तू मला विचारलं होतंस, "मॅडम, मला जीसी मशीनवर सॉल्व्हंटच्या टेस्ट कधी देणार?" मी तुझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले होते की होईल गं सगळं नीट, आधी स्वतःला जप. तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. तो मला तेव्हाही दिसला होता, आणि मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला.

आता महत्त्वाचं. तुझी नोकरी परत मिळू शकते. तुझी जागा अजून भरलेली नाही, महिनाअखेरीला मुलाखती आहेत. विपुल सरांना मी खरं कारण सांगितलं, तर ते तुला पुन्हा संधी देतील, एवढं मी त्यांना ओळखते. पण खरं कारण सांगायचं म्हणजे खुंटीची गोष्ट फुटणार. ती फुटू दे, तिचे दिवस भरले. मला भीती दुसरी आहे. लग्न न झालेल्या मुलीबद्दल लॅबभर काय समज होता, हे एकदा बोललं गेलं की ते केबिनमध्ये राहणार नाही. चौक गावच्या नाक्यावरून ते कडावपर्यंत यायला किती वेळ लागतो? खोटं असलं तरी येतंच. तुझं नाव आहे, तेव्हा निर्णय तुझा. तू हो म्हणालीस तर सोमवारी, बावीस तारखेला, मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगते. नाही म्हणालीस तर मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, आणि तुला दुसरीकडे कुठं लावता येईल ते फराहशी बोलून बघते.

या वेळी मी ओळखून घेणार नाही. तू सांगशील ते.

जिनं तुला एकदाही विचारलं नाही, ती
नफिसा मॅडम


कडाव
१८ डिसेंबर

नफिसा मॅडम,

मी बरी आहे.

तुमचं पत्र मी रिसेप्शनवर उघडलं ते चुकलंच. समोर पुण्याचे एक काका चावी मागत होते. मी त्यांना दुसऱ्याच खोलीची चावी दिली आणि ते दार उघडून कुणाच्या तरी बायकोसमोर उभे राहिले. मॅनेजरनं मला झापलं. मला ते ऐकूच येत नव्हतं. कानात नुसतं घुं घुं होत होतं.

मला तुमचा राग आलाय, हे आधी लिहिते. अजूनही येतोय. तुम्ही सगळ्या माझ्यासाठी आवळे आणायच्या, स्टूल पुढं करायच्या, आणि फ्लास्क हातात घेतला की गोड बोलून काढून घ्यायच्या. मला वाटायचं माझे हात वाईट आहेत. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक कंडेन्सर फुटला होता, त्याचीच ही शिक्षा असं मी धरून चालले. घरी आल्यावर गोठ्यामागे उभी राहून हवेतच ब्युरेटचा कॉक फिरवायची, थेंब थेंब सोडायची. आईनं बघितलं तर तिला वाटलं मला बाहेरचं काहीतरी लागलंय. सहा महिने मी रोज झोपताना स्वतःला सांगत होते की तुला केमिस्ट्री येत नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी आईला सगळं वाचून दाखवलं. बाबांना नाही. आईनं पत्र हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "इचाराया तोंड नव्हतं का गं त्यांना?" मला वाटलं आता ती तुमच्या नावानं शिव्या घालील. पण ती भांडी गोळा करता करता थांबली आणि म्हणाली, "त्यांना वाटलं तू तशी हाय, आनि तरी तुला हाकललं नाय? तुजं काम वडून घेतलं? आपल्या घरातली मानसं तरी अशी वागली असती का, मला नाय ठाव."

मॅडम, मी त्यानंतर झोपले नाही. मला दोन धक्के बसलेत आणि कुठला मोठा ते ठरत नाही. तुम्ही माझ्याबद्दल एवढं समजलात, हा एक. आणि एवढं समजूनही तुमच्यापैकी एकीनंही माझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, हा दुसरा. मी आठवून आठवून बघितलं. एकीनंही नाही. मी खरंच तशी असते तर मला जायला एक जागा होती, आणि ते मला माहीतच नव्हतं.

आता माझा निर्णय. सांगायचं, पण तुम्ही सांगायचं नाही. विपुल सरांना मी सांगणार. माझ्या नावाची गोष्ट आहे, ती माझ्याच तोंडून जाऊ दे. कडावपर्यंत आली तर येऊ दे, इथं मी आणि आई बघून घेऊ. तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि त्यांनी विचारलं तरच बोला. तुम्हाला ते जड जाईल, तरी बसा. दिवस राहिलेल्या बाईला सॉल्व्हंटचं काम द्यायचं नाही आणि तिची जागाही काढून घ्यायची नाही, हेही मी त्यांच्याकडे मागणार आहे. ते नाही म्हणाले तरी मागणं आपल्या तोंडून गेलेलं असेल.

बाबांना एवढंच सांगितलंय की चूक लॅबची होती. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय आणि म्हैस व्याल्याचं कळवायला सांगितलंय. पारडी झाली.

सोमवारी मी कंपनीच्या बसनं येईन. उतरल्यावर तोंड धुवायला पळेन, तेव्हा कुणी काही समजू नये. त्यांनी मला घेतलं तर पहिल्या दिवशी मला जीसी द्या. आणि ॲप्रन मी शेवटच्या खुंटीवरच टांगणार आहे, ती माझी. लॅबमधल्या ज्या कुणाला उग्र वासाचं काम झेपत नसेल, तिनं माझ्याकडे येऊन तोंडानं सांगायचं. ते काम मी करीन.

तुमची केमिस्ट,
हर्षला