माणशी एक बादली

सोमवार, ५ मे २००३. आचोळे.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सोळा ते अठरा मे आपल्या कॉलेजात परिषद आहे. विषय : किनारपट्टीचं पाणी आणि लोकपरंपरा. बाहेरगावचे चौसष्ट प्राध्यापक येणार आणि मुलींच्या वसतिगृहात उतरणार, कारण मुली सुट्टीत घरी गेल्या आहेत. राहणं, खाणं, फिरणं, सगळं मी बघायचं. म्हणाले, चंद्रहास, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार? खरंच आहे. ऑफिसातले बाकीचे सात जण फक्त चहा पिण्यासाठी जन्माला आलेत.

संधी साधून क्वार्टरचा विषय काढला. वसतिगृहाला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, पुढ्यात विहीर. जुन्या रेक्टरबाई रिटायर झाल्यापासून दोन वर्षं कुलूप. प्राचार्य म्हणाले, आधी परिषद नीट पार पडू दे, मग बघू.

म्हणजे मिळालंच.

घरी येऊन विनयाला सांगितलं. आठ वर्षं या सोसायटीत काढली. पाणी दिवसाआड, तेही खालच्या टाकीपर्यंत. तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवून विनयाची कंबर कामातून गेली. (मी चढवले असते, पण मला ऑफिस असतं.) ती म्हणाली, 'बघू' म्हणाले की 'देतो' म्हणाले? बायकांना प्रशासकीय भाषा कळत नाही.

बुधवार, ७ मे

पद : अतिथी व्यवस्था प्रमुख. ऑर्डर निघायची आहे, पण बिल्ला आणि रबरी शिक्का वसईच्या बाजारातून करून आणला.

संकल्प. एक, रोज साडेआठला हजर. दोन, कोणावर ओरडायचं नाही. तीन, कामं वाटून द्यायची. तिसरा लगेच रद्द केला. वाटून द्यायला लायक माणूस नाही.

वसतिगृह पाहिलं. केअरटेकर प्लासिड, साठीचा, कॅम्पसमागच्या वाडीतला, तीस वर्षं इथेच. बापाची जमीन असल्यासारखा फिरतो. चौकशी केली तर म्हणे कॉलेजची जमीन त्याच्या वाडीनेच दिलेली. दिली ना? मग झालं. दिलेल्या वस्तूवर असं फिरायचं नसतं.

शुक्रवार, ९ मे (दहाला पोचलो. रिक्षावाले नालायक.)

दिवसभर पाण्याचा अभ्यास. प्राध्यापक हा प्राणी फार पाणी वाया घालवतो. तास घेताना वेळ वाया घालवायची सवय, तीच नळाखाली. विहिरीत डोकावलो. वाकून हात घातला तर पाणी लागेल, इतकी भरलेली. प्लासिड म्हणाला, ही कदी आटत नाय सायेब. असल्या भाबडेपणामुळेच देश मागे राहिला. आमच्या सोसायटीची टाकीही आटणार नाही असं बिल्डर म्हणाला होता.

उपाय सापडला. कूपन पद्धत. सोसायटीत टँकरसाठी मीच सुरू केली होती. तेव्हापासून दोन मजले माझ्याशी बोलत नाहीत, पण प्रशासकाने लोकप्रियतेच्या मागे लागू नये. प्रेसमध्ये कूपनं टाकली : माणशी एक बादली. सकाळी ६ ते ६.३०. हस्तांतरणीय नाही.

सोमवार, १२ मे

भयंकर प्रकार उघडकीस आणला.

प्लासिड सहज म्हणाला, शनवारी सांजेला वाडीतली मानसं पानी न्यायला येतील सायेब, मागचं गेट तेवढं उघडं ठेवा. किती माणसं? म्हणाला, असतील पन्नास-साठ. आणि असं दर मे महिन्यात दोन-तीनदा चालतं! तीस वर्षं! कॉलेजच्या डोळ्यांदेखत!

म्हणाला, वॉल्टरच्या पोराचं लग्न हाय. मी म्हणालो, लग्नाच्या पाण्याची सोय लग्नघराने करावी, टँकर मागवावा. तो म्हणाला, टँकरचं चालत नाय, हितलंच लागतं. नवऱ्याच्या आंगोळीला. घ्या! नवरदेवाला टँकरचं पाणी चालत नाही. आम्ही आठ वर्षं त्याच पाण्यावर जगतोय, आमचं काय झालं?

आणखी काही सांगत होता, पण मी विषय संपवला. घागरी घेतलेली साठ माणसं काय करू शकतात हे आचोळ्याच्या माणसाला शिकवू नये. मागच्या गेटला नवं कुलूप. विहिरीवर लोखंडी जाळी, तिलाही कुलूप. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. प्लासिडने जाळी हलवून बघितली. ओरडायचं नाही हा संकल्प आज मोडला.

गुरुवार, १५ मे. संध्याकाळ.

पाहुणे आले. चौसष्ट नमुने. नागपूरचे एक जण बॅग खाली ठेवायच्या आधी डासांबद्दल बोलू लागले, जसं काही मीच पाळलेत. एकाला कमोड हवा, एकाला सकाळी ताक. प्रत्येकाला किट दिलं : चादर, कासव छाप, साबण, कूपनं, एकतीस सूचनांचं पत्रक. पत्रक वाचून लोक एकमेकांकडे बघत होते. प्रभावित झाले.

कोल्हापूरच्या डॉ. विनिता म्हणून एक बाई आहेत. विचारत होत्या, इथे जवळपास पाण्याचा एखादा जुना रिवाज अजून जिवंत आहे का? त्याच अभ्यासासाठी आल्यात म्हणे. मी म्हटलं, मॅडम, हा सुधारलेला भाग आहे, इथे तसलं काही नाही. शनिवारी चार वाजता किल्ल्याची सहल आहे, ती बघा. बाई हिरमुसल्या. अभ्यासक लोकांना सुधारणा बघवत नाही.

शुक्रवार, १६ मे. सकाळी ७.

कूपन पद्धत यशस्वी. किरकोळ धक्काबुक्की. नागपूरच्यांनी दुसऱ्यांची दोन कूपनं आणली, जागीच पकडलं. एक रिटायर्ड विभागप्रमुख तोंडाला साबण लावून उभे होते, पण साडेसहा वाजून गेले होते. नियम म्हणजे नियम.

दुपारी २.

उद्घाटन. प्राचार्य म्हणाले, पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे. सगळं सभागृह हसलं. का ते कळलं नाही. सूचनापेटीत एकेचाळीस चिठ्ठ्या पडल्या. लोक इतक्या आत्मीयतेने लिहितायत म्हणजे सेवा पोचली. एकीवर माझं चित्र आहे, डोक्यावर बादली. रेखाटन कच्चं. विनयाला बूथवरून फोन केला, फर्स्ट क्लास चाललंय म्हणून सांगितलं.

शनिवार, १७ मे. दुपारी १.

विनया आणि आमची लेक उन्नती आल्या, पडद्यांची मापं घ्यायला. क्वार्टरची किल्ली अजून मिळालेली नाही, म्हणून खिडक्या बाहेरूनच मोजल्या. उन्नती सातवीत आहे. तिने कोणत्या कोपऱ्यात टेबल लावायचं तेही काचेतून ठरवलं. मग विनया विहिरीपाशी गेली. जाळीतून खाली बघत राहिली, एक हात कमरेवर. मला एकदम भरून आलं. हे हिला मिळालंच पाहिजे, मग त्यासाठी मला कितीही जणांचा शत्रू व्हावं लागलं तरी चालेल.

दुपारी ४.४०.

बस आली नाही. ड्रायव्हर कुठल्याशा वऱ्हाडाबरोबर अर्नाळ्याला गेला. मे महिन्यात वसईत बस लग्नाचीच असते हे मला आधी सांगणं प्लासिडचं काम होतं. चौसष्ट विद्वान झाडाखाली बसून माझ्याकडे बघतायत.

संध्याकाळी ८.

साडेपाचला मागच्या बाजूने बँड ऐकू आला. धावत गेलो तर गेटबाहेर साठ माणसं. पुढे बँडवाले, मग लुगडी नेसलेल्या बायका, कमरेवर फुलं बांधलेल्या घागरी, मध्ये छत्रीखाली नवरदेव. आणि त्यांच्यात इस्त्रीचा शर्ट घालून आमचा पगारी नोकर प्लासिड!

मी गेटच्या आतून सांगितलं, पाणी डेलिगेटांसाठी राखीव आहे, परत जा. बँड थांबला. नवरदेवाचा बाप वॉल्टर कोट घालून पुढे आला. म्हणाला, सायेब, माज्या बापाच्या लग्नाला हितलंच पानी नेलं, माज्या लग्नाला पन. लग्नाच्या आदल्या सांजेला हितलं पानी घरी न्यायचं, त्यानं नवऱ्याला आंगोळ घालायची. पाच घागरी नेतो, जास्त नाय. मी म्हणालो, सोमवारी प्राचार्यांकडे अर्ज करा. तो म्हणाला, लगीन उद्या हाय.

मग नवऱ्याची आजी, नव्वदीची असेल, गेटसमोर मातीत बसली. घागर मांडीवर. उठेचना.

इकडे माझ्या मागे चौसष्टच्या चौसष्ट गोळा झालेले, कॅमेरे घेऊन. डॉ. विनिता ओरडल्या, अहो, अकरा वर्षं मी हे शोधतेय! मी म्हटलं, मॅडम, आपण किल्ल्यावर जा. त्या म्हणाल्या, कशाने जाऊ?

तेवढ्यात विनया आली. किल्ल्या द्या म्हणाली. मी म्हणालो, आत्ता मी तुझा नवरा नाही, प्रमुख आहे. त्यावर ती सर्वांसमोर म्हणाली, आठ वर्षं मी हातात कूपन घेऊन उभी राहतेय, ते तुम्हीच छापलेलं. माझं मी सोसलं. पण कुलपापुढे म्हातारी मातीत बसलीय आणि तुम्हाला काही वाटत नाही? आणि माझ्या कमरेचा जुडगा ओढून घेतला. पट्ट्याच्या बकलासकट. पँट एका हाताने धरावी लागल्यामुळे मला प्रतिकार करता आला नाही.

गेट उघडलं. जाळी काढली. विहिरीपाशी त्यांनी प्रार्थना म्हटली. म्हातारीने विनयाला जवळ ओढून पहिली घागर तिच्याच हातांनी भरून घेतली. का, कोणास ठाऊक. विनया रडत होती. बँड पुन्हा सुरू झाला आणि सगळी मिरवणूक वाडीकडे निघाली, मागोमाग चौसष्ट प्राध्यापक, त्यांना रांगेत घेऊन विनया, तिचा हात धरून उन्नती, आणि रस्ता दाखवायला प्लासिड. प्राचार्यांसकट सगळे आज वॉल्टरच्या मांडवात जेवतायत.

मेसमध्ये सत्तर माणसांचं जेवण तयार. मी एकटा जेवलो. श्रीखंड उत्तम होतं.

रविवार, १८ मे

समारोप. डॉ. विनितांनी विनयाचे आभार मानले, प्लासिडचे मानले, वाडीचे मानले. शेवटी म्हणाल्या, आणि बस न आणल्याबद्दल चंद्रहासरावांचे विशेष आभार. सर्वांत जास्त टाळ्या मला पडल्या. प्राचार्यही हसत होते. एकंदर, परिषद पार पडली. अट पूर्ण झाली.

मंगळवार, २० मे

आज प्राचार्यांनी बोलावलं, सपत्नीक. किल्ली सहकुटुंब द्यायची पद्धत असावी. कोट घातला.

प्राचार्य माझ्याशी बोललेच नाहीत. विनयाला म्हणाले, मुलींच्या वसतिगृहाला दोन वर्षं रेक्टर मिळत नाहीये. तुम्ही बी.ए. आहात, बालवाडीत शिकवलंय. त्या संध्याकाळी चौसष्ट माणसं तुम्ही सांभाळलेली मी पाहिली. वाडीचे लोकही येऊन तुमचं नाव सांगून गेले. क्वार्टर रेक्टरचंच आहे. घ्याल का जबाबदारी?

मी घसा साफ करेपर्यंत ती हो म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे मी म्हणत होतो तसंच झालं, क्वार्टर मिळालं. तेव्हा प्राचार्य कागद चाळत म्हणाले, एक आहे. मुलींचं वसतिगृह. बारा वर्षांवरच्या पुरुषाला आवारात राहता येत नाही. ट्रस्टचा नियम. मी म्हणालो, त्या चौसष्टात चाळीस पुरुष होते! म्हणाले, ती सुट्टी होती. मी विचारलं, मग माझं काय? या वेळी त्यांनी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही.

विनया म्हणेल की मग नको, अशी माझी खात्री होती. पूर्ण रस्ताभर वाट पाहिली. तिने विचारलं ते एवढंच, की कुकर तुम्हाला ठेवू का मी नेऊ.

रविवार, ८ जून. आचोळे.

मागच्या रविवारी दोघी तिकडे गेल्या. मी इथेच आहे. फ्लॅट कोणीतरी सांभाळायला हवा, हे मीच सुचवलं असं सोसायटीत सांगितलंय.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. गेलो. प्लासिडने झाडाखाली खुर्ची टाकली. सोसायटीचा पंप जळल्यामुळे दोन दिवस आंघोळ नव्हती. विनयाने नुसतं बघितलं आणि प्लासिडला पाणी काढायला सांगितलं. भिंतीमागे त्याने अंगावर ओतलं. गार, गोड पाणी. डोळ्यांत साबण गेला.

मग विनयाने चहा आणला. कंबर दुखत नाही म्हणाली. उन्नतीने टेबल कुठे लावलंय ते हाताने हवेत दाखवलं. चार-पाच मुलींचे आईबाप आले होते, त्यांच्याशी विनया छान बोलत होती. मी तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

सहाला घंटा झाली. सगळे आईबाप गेले. मी बसून राहिलो. विनया आली आणि म्हणाली, चला, वेळ झाली. मी म्हणालो, अगं, मी तुझा नवरा आहे. ती म्हणाली, म्हणूनच पाच मिनिटं जास्त दिली.

रागावली नव्हती. अगदी शांतपणे म्हणाली. मला जायचं नव्हतं. गेलो.