काळी प्लेट, पिवळे आकडे

४ एप्रिल

आधी सॉरी. शुद्धलेखन चुकणार. मराठी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत टाइप करतेय, खूप हळू होतंय. सॉरी कोणाला बोलतेय तेच कळत नाही — फोनला लॉक आहे, वाचणार कोण! पण नववीत शाळा सोडली तेव्हापासून काहीही लिहायच्या आधी सॉरी तोंडात येतंच.

तर झालंय असं. ब्रेंडा मावशीला आफ्रिकेला पाठवतायत. मम्मीची मोठी बहीण. सिस्टर आहे, गोव्यात मडगावच्या पुढे आतल्या एका गावात तिचं कॉन्व्हेंट. जूनमध्ये जाणार, मग पाच वर्षं तरी येणार नाही. मम्मी तिला सहा वर्षं भेटलेली नाही. भेटायची वेळ फक्त रविवारी, तीन ते पाच. ॲलिस्टरदादाने सेलमध्ये विमानाची तिकिटं काढली, २६ ला जायचं, २८ ला परत. मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एवढ्या लांब बस बदलत जाणं तिला जमणार नाही. म्हणजे गाडी पाहिजेच. पप्पा चालवतील. कुवेतला बारा वर्षं तेच केलंय त्यांनी.

५ एप्रिल

दादाने गोवा एअरपोर्टवरच्या भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरचा रेट काढला. तीन दिवसांचे साडेनऊ हजार, डिपॉझिट वेगळं. पप्पा बोलले एवढे नाहीत, तिकिटं कॅन्सल करा, मावशीला व्हिडिओ कॉल करू.

मम्मी उठली, भांडी घासायला गेली. भांडी मी आधीच घासली होती.

७ एप्रिल

सापडलं! त्याच कंपनीचं ऑफिस म्हापशाला पण आहे. तीच गाडी, तेच तीन दिवस, फक्त घ्यायची जागा बदलली — आणि रेट जवळजवळ अर्धा. मला वाटलं माझंच काही चुकलं. परत भरलं. परत तेच. एअरपोर्टवर दुकान मांडायचं भाडं, पार्किंग, हे ते — सगळं गिऱ्हाइकाकडून वसूल करत असतील. आणि एअरपोर्टवरून म्हापशाला सरळ एक बस आहे, बदलायची नाही. एक बस मम्मीला जमेल.

दादाला दाखवलं तर बोलला, "नववी नापास ट्रॅव्हल एजंट." नापास नाही झाले मी, सोडली. पण जाऊ दे. पप्पांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. बोलले, फोन करून विचारून घे.

फोन. मी!

८ एप्रिल

काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. तीनदा लावला, तिकडून हॅलो आलं की कापला. चौथ्यांदा त्यांचाच आला. बाई होती.

"तूच ना गो, फोन करून पळतेस ती?"

कागद पडला हातातून. उचलून सगळं एका दमात वाचलं. ती हसली, पण वाईट नाही हसली. संपदा नाव तिचं. ओरडल्यासारखं बोलते पण सगळं नीट सांगते — पेट्रोल जेवढं असेल तेवढंच भरून द्यायचं, गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, ओरखडा दिसला तर तेव्हाच दाखवायचा, मग डिपॉझिट पूर्ण परत. बुक केली. 

मम्मी इस्त्री करायला साड्या काढून बसलीय. जायला अठरा दिवस आहेत!

१५ एप्रिल

सगळं फिसकटलं. दादाला अजून स्वस्त गाडी मिळाली. लेस्लीच्या मित्राची. लेस्ली आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, कॉयरमध्ये गातो. त्याचा मित्र गोव्यात राहतो, एअरपोर्टच्या बाहेर स्वतः गाडी आणून चावी देणार, पावती नाही, डिपॉझिट नाही. मम्मी खूश. बोलली कॉयरमधल्या पोराचा मित्र, आपलाच माणूस, तो काय फसवणार? ठरलं, माझं बुकिंग कॅन्सल करायचं.

दादाने फोटो फिरवला. सगळ्यांनी गाडी बघितली. मी नंबर बघितला, दुकानात रोज गाड्यांचे स्टिकर कापते त्याची सवय. पांढरी प्लेट, काळे आकडे. काहीतरी बरोबर नव्हतं. पण सगळे एकदम बोलत होते. मी जेवले आणि उठले.

१६ एप्रिल

दिनानाथ काकांना विचारलं. माझे शेठ, आचोळ्याला त्यांचं रेडियमचं दुकान. नंबरप्लेटी आता सरकारी लागतात म्हणून आमच्याकडे स्टिकरचंच काम जास्त, पण काकांनी तीस-पस्तीस वर्षं प्लेटी रंगवल्यात. फोटो बघून लगेच बोलले. पांढरी म्हणजे घरची गाडी. पिवळी म्हणजे टॅक्सी. आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती काळी, आकडे पिवळे. घरची गाडी भाड्याने दिली आणि पोलिसांनी धरली तर गाडी तिथेच ठेवून घेतील, तुम्ही चालत जा. भावाला आजच सांग, बोलले.

सांग म्हणणं सोपं आहे.

१७ एप्रिल

पवित्र गुरुवार. देवळातून येऊन जेवायला बसलो. दुपारी दुकानात मी काळ्या रेडियमची पट्टी कापली होती, त्यावर पिवळ्या रेडियमचे आकडे लावले होते. ती पप्पांच्या ताटाशेजारी ठेवली. तोंडाने सुरुवात करता येत नव्हती म्हणून.

पप्पांनी विचारलं हे काय. मग सांगावंच लागलं. काका बोलले ते सगळं सांगितलं, ताटाकडे बघत. दादा बोलला, पोलीस काय प्रत्येक गाडी बघत बसणार?

"प्रत्येक नाही. रविवारी दोन वाजता आपलीच बघितली तर?"

हे मी बोलले. मीच!

मम्मीने हातातला घास ताटात ठेवला. पप्पांनी पट्टी उलटसुलट केली. "म्हापसा," बोलले. विषय संपला. माझं बुकिंग मी अजून कॅन्सल केलंच नव्हतं.

१८ एप्रिल

दादा बोलत नाही माझ्याशी. बस चुकली तर तुझी जबाबदारी, एवढंच बोलला.

२६ एप्रिल

म्हापसा, लॉज. बस चुकली नाही! मम्मीला खिडकी मिळाली. संपदाताई मला वाटलं त्यापेक्षा बरीच मोठी निघाली, केस पांढरे. मी तोंड उघडायच्या आधीच बोलली, "पळणारी हीच ना?" दादा हसला. मला पण हसू आलं.

गाडी राखाडी. काळी प्लेट, पिवळे आकडे, मी हात लावून बघितला. व्हिडिओ काढताना डाव्या दाराखाली ओरखडा सापडला, वाकल्याशिवाय दिसला नसता. पप्पांनी सीट मागे घेतली, आरसा सरळ केला. मग चावी फिरवली. कुवेतहून आल्यापासून पहिल्यांदा.

२७ एप्रिल

पोहोचलो!! तीनला दहा कमी होते.

मडगावच्या अलीकडे पोलिसांनी हात केला. कडेला दोन पांढऱ्या प्लेटच्या गाड्या उभ्या होत्या आणि एक फॅमिली बॅगा घेऊन उन्हात. लहान पोरगी बॅगेवर बसलेली. हवालदाराने आमची प्लेट बघितली, पप्पांचं लायसन बघितलं, जा बोलला.  बरंच पुढे गेल्यावर दादाने पुढच्या सीटवरून हात मागे करून मला टपली मारली.

मम्मी आणि मावशी हात धरून बसल्या. सहा वर्षांनी भेटून बोलल्या काय, तर गुडघा आणि कैरीचं लोणचं. मम्मी एवढी बोलते हे मला माहीतच नव्हतं.

साडेचारला मावशी मला बोलली, चल गं, तुझी गाडी दाखव. गाडीत काय बघायचं! पण गेलो. ती पुढे बसली, दार लावून घेतलं. मग विचारलं,

"शाळा सोडायचं घरी कसं सांगितलंस?"

सगळे 'का सोडलीस' विचारतात. 'कसं सांगितलंस' कोणी विचारलं नव्हतं. मी बोलले की दोन महिने रोज पोटात दुखायचं, मग एका सकाळी दप्तर घेऊन दारातच बसून राहिले आणि मम्मीला बोलले आता नाही जमत. एवढंच.

"लोक बोलले असतील."

"अजून बोलतात. सवय होते."

"सवय होते," मावशी स्वतःशीच परत बोलली. मग आत घंटा झाली आणि ती उतरली.

२८ एप्रिल

गाडी परत दिली. व्हिडिओ दाखवला, ओरखड्याचं दोन मिनिटांत मिटलं. डिपॉझिट पूर्ण आलं. दादा बोलला, नाताळात उटीला जायचंय, तूच बघ एजंट. नववी नापास नाही बोलला.

२ मे

दुकानात आज गिऱ्हाइकाचा फोन मी घेतला. पळाले नाही.

११ मे

सकाळी सातला बेल वाजली. दारात ब्रेंडा मावशी. सिस्टरचा झगा नाही, साधा पंजाबी ड्रेस, एक बॅग. आफ्रिकेला जात नाही. सुट्टी मागून आलीय, पण परत जायचं नाही बोलते. बारा वाजले, माझ्या बेडवर गाढ झोपलीय. मम्मी दोनदा येऊन विचारून गेली, त्या दिवशी गाडीत बसून तुम्ही दोघी काय बोलत होतात.