माझ्याच सहीची खुर्ची

ती. स्व. भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (तो पालथं पडून घालायचा असल्यामुळे सध्या मला एवढा एकच प्रकार नीट जमतो.) आपला खोकला गेला का? ताईची कंबर कशी आहे? इकडची खुशाली मी ओट्याशी उभा राहून लिहितोय, कारण माझं माकडहाड मोडलंय आणि डॉक्टरांनी सहा आठवडे बसायला बंदी केली आहे. आता माझी नोकरी आपल्याला ठाऊकच आहे. खुर्च्यांच्या कारखान्यात प्रत्येक नव्या खुर्चीवर दहादा बसायचं, अकराव्यांदा आदळायचं, आणि नाहीच मोडली तर ‘तपासली’ अशा चिठ्ठीवर सही करून ती बैठकीखाली चिकटवायची. अठरा वर्षं मी असा बसून खातोय (सासरेबुवांनी हे लग्नाआधीच ओळखलं होतं).

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन एका खुर्चीवर नुसता टेकलो. आदळलो नाही, आपली शपथ. तरी मागचे दोन्ही पाय एकदम गेले. मी खाली आणि डबा माझ्या डोक्यावर. डोळ्यांवरची आमटी पुसली. पाहतो तर शेजारी खुर्ची उताणी पडलेली होती आणि बैठकीखाली चिठ्ठी दिसत होती: तपासली. खाली सही माझी.

बायको म्हणाली, भरपाई मागा. म्हणून वकीलबाईंकडे गेलो. (त्यांनी गेल्या गेल्या ‘बसा’ म्हटलं, गोंधळ तिथूनच सुरू झाला.) त्यांच्याकडे छापील अर्ज होता आणि त्यात इजांचे प्रकार: रस्त्यावरचा अपघात, कामावरची इजा, ओल्या फरशीवर घसरणं, सदोष माल, डॉक्टरचा हलगर्जीपणा, कुत्रा चावणं. खूण एकावरच करायची. कामावरची इजा म्हणावी, तर मी सुट्टीत होतो. सुट्टीत होतो म्हणावं, तर खुर्चीवर बसणं हेच माझं काम. सदोष माल म्हणावा, तर दोष हुडकायचा पगार मलाच मिळतो. त्यातून दवाखान्यात नेताना गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा हाड कारखान्यात मोडलं की रस्त्यावर, हेही कोणी छातीठोकपणे सांगेना. बाईंनी थकून विचारलं, कुत्रा नक्की नव्हता ना? होता, पण त्यानं फक्त सांडलेला डबा चाटला.

शेवटी बाईंनी कारखान्याला नोटीस धाडली. उत्तर आलं की सदर खुर्ची तपासनिसाच्या सहीनं पास झालेली आहे, तरी भरपाई तपासनिसाकडून घ्यावी. म्हणजे नोटीस मीच मला द्यायची, उत्तरही मीच द्यायचं, आणि जिंकलो की हरलो! दोन दिवस मी याचाच विचार करतोय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतंय.

आपल्यापासून काय लपवायचं, त्या खेपेच्या खुर्च्यांवर मी बसलोच नव्हतो. ट्रक दारात उभा होता आणि मुकादम म्हणाला, "अहो, अठरा वर्षं बसताय, एक दिवस नाही बसलात तर काय आभाळ कोसळणारे? मारा सह्या!" मी चाळीस सह्या ठोकल्या. हे सांगितलं तर नोकरी जाते. नाही सांगितलं, तर तपासूनही मोडकी खुर्ची पास केली असं ठरतं आणि तरीही नोकरी जाते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मला तर काठावर टेकायचीही चोरी. भीती वाटते हो भाऊजी. या वयात बसण्याखेरीज मला दुसरं काय येतं?

ताईला नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. : आपल्या नव्या घरासाठी मी पाठवलेल्या सहा खुर्च्या त्याच खेपेच्या आहेत. तरी हे पत्र कृपया उभ्यानं वाचावं.

आणखी ता. क. : पाकीट बंद करण्याआधी पत्र वकीलबाईंना दाखवलं. त्या म्हणतात, एकच खुर्ची मोडली तर तपासनीस चुकला. पण त्याच खेपेतली दुसरीही मोडली, तर लाकूडच वाईट, दोष कारखान्याचा आणि माझी नोकरी शाबूत. तेव्हा वरचा ता. क. रद्द समजावा. ताईनं मात्र बसू नये, तिची कंबर आधीच नाजूक. आपली अंगकाठी देवदयेनं भरदार आहे. दहादा बसायची गरज नाही, एकदाच, पण मनापासून बसावं. खाली उशी ठेवू नये, बाई म्हणतात त्यानं दावा कच्चा होतो.